तीन की आठ

आमच्या घरामागे गोठ्याला लागून टिनाची एक छपरी आहे आणि तिच्यात आबाजींची जीप उभी असते. ती अजून चालते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाबा तिच्यात पाण्याच्या कॅन, बायांचे डबे आणि रिकामी पोती घालून वावरात नेतात. पावसाळ्यात काळी माती बंडीच्या चाकांनाही धरून ठेवते, तेव्हा अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस डांबरी रस्त्यापर्यंत पोचवण्याचे काम या जीपने किती वेळा केले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मागच्या दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा आम्ही तिचा चेसिस क्रमांक शोधायला बसलो. एका सकाळचे वाटलेले ते काम पाच दिवस चालले.

निमित्त कागदांचे होते. आबाजी चार वर्षांपूर्वी गेले आणि जीपचे नोंदणीपुस्तक अजून त्यांच्याच नावावर होते. सातबाऱ्याचा फेरफार होऊन वर्ष उलटले, विहिरीवरच्या वीजजोडणीचे नावही बदलले, पण जीपच्या कागदांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, कारण गावात तिचे पुस्तक कधी कोणी मागितले नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर ती दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती मुदतही आबाजींच्या आजारपणात टळून गेली होती. वारसाने मालकी घेण्याचा नमुना ३१ आणि नूतनीकरणाचा नमुना २५, असे दोन्ही अर्ज मी भरले. त्यांना जोडायच्या कागदांपैकी एक मात्र कोणत्याही कपाटात सापडणारा नव्हता. चेसिसवर ठोकलेल्या क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप हवी होती. लोखंडावर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची आणि लोखंडात जे ठोकलेले आहे ते कागदावर उतरवून घ्यायचे. परिवहन कार्यालयातले निरीक्षक ती छाप पुस्तकाशी ताडून पाहतात आणि स्वतः वाकून गाडीवरचा क्रमांकही वाचतात.

पुस्तकात एक क्रमांक होता. इंजिनामागच्या पत्र्याच्या आडभिंतीवर, जिला मिस्त्री फायरवॉल म्हणतात, रिवेटने बसवलेली एक छोटी पाटी होती आणि तिच्यावर दुसराच क्रमांक होता. दोन्हींचा एकमेकांशी काही म्हणता काही संबंध नव्हता. बाबा एकदा पुस्तकाकडे आणि एकदा पाटीकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. जवळजवळ पन्नास वर्षे घरची म्हणून वापरलेली गाडी ही कागदावरची गाडी नव्हेच, असे उद्या कोणी म्हटले तर काय करायचे, हे ते बोलले नाहीत. पण त्यांनी पुस्तक मिटून ज्या हळुवारपणे पिशवीत ठेवले त्यावरून मला ते कळले.

तालुक्याच्या गावचे आमचे मिस्त्री आता फारसे काम करत नाहीत, परंतु त्यांचा शब्द बाबा मानतात. त्यांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, “ताई, पाटीचं काय घेऊन बसल्या? पाटी रिवेटनं लागते आन् रिवेटनं निंगते. खरा लंबर चेसीच्या लोखंडात रायते. तो पाहा.”

हे वाक्य मी पुढचे पाच दिवस मनात घोळवत होते. जुन्या जीपची रचना पाहिली म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. आजच्या बहुतेक मोटारींचे अंग आणि सांगाडा एकच असतो, जीपचे तसे नाही. खाली शिडीसारखी पोलादी चौकट असते, तीच चेसिस : दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगांचे पाटे, अ‍ॅक्सल सगळे या चौकटीला धरून असते आणि वरचा पत्र्याचा साज नटबोल्टांनी तिच्यावर बसवलेला असतो. पत्रा दर पावसाळ्यात थोडाथोडा गळत जातो; वीस-तीस वर्षांनी माणसे तो उतरवून दुसरा बसवतात. इंजिन बदलते, पुढची जाळी बदलते, टप तर चार-पाच वेळा बदलतो. बदलत नाही ती चौकट. म्हणून कायदा गाडीला ओळखतो तो त्या चौकटीवरून.

मिस्त्रींचे बोलणे ऐकल्यावर बाबांना आठवले, की १९८८ च्या उन्हाळ्यात आबाजींनी नागपूरहून एका मोडीत काढलेल्या जीपचा पत्रा ट्रकमध्ये टाकून आणला होता, कारण आमच्या जीपच्या तळातून रस्ता दिसू लागला होता. त्या पत्र्याबरोबर त्याची फायरवॉल आली आणि फायरवॉलबरोबर तिची पाटी. तेव्हा कोणाला पाटी उतरवावीशी वाटली नाही. इतकी वर्षे आमची जीप दुसऱ्याच एका गाडीचे नाव कपाळावर घेऊन फिरत होती.

चौकटीवरचा क्रमांक नेमका कुठे असतो हे शोधताना माझा पहिला दिवस वाया गेला. मी जीपच्या इतिहासात जे वाचले होते त्यावर विसंबून राहिले, आणि त्यात फरक करायला हवा होता तो केला नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी जीप दोन कंपन्यांनी बांधली. ओहायोमधील टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडने बांधलेली ती एमबी आणि त्याच नमुन्यावर फोर्डने बांधलेली ती जीपीडब्ल्यू. लांबून पाहणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतात, पण जाणकार खाली वाकतो आणि पुढचा आडवा दांडा पाहतो. विलीजचा नळीसारखा गोल असतो आणि फोर्डचा चौकोनी. फोर्डने तर आपल्या असंख्य सुट्या भागांवर आणि बोल्टांच्या माथ्यावरही स्वतःचे ‘एफ’ अक्षर उमटवले होते. विलीजच्या गाडीत क्रमांकाची छोटी पाटी डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे, रिवेटने लावलेली असे. फोर्डने क्रमांक डाव्या दांड्याच्या माथ्यावर थेट लोखंडात ठोकला, आणि तोही इंजिनाचाच क्रमांक. त्यामुळे फोर्डच्या गाडीत मूळचे इंजिन आणि चौकट एकमेकांची साक्ष देतात, तर विलीजमध्ये दोन्ही क्रमांक पहिल्यापासूनच वेगळे असतात.

हे सगळे खरे असले तरी आमची जीप सैन्यातली नव्हती. ती सीजे-३बी या घराण्यातली, म्हणजे युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांसाठी आणि नागरी कामासाठी निघालेल्या जीपच्या पुढच्या पिढीतली. तिचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच असते आणि त्यामागे साधे कारण आहे. सैन्याच्या जीपमधल्या साठ अश्वशक्तीच्या इंजिनात दोन्ही झडपा बाजूला होत्या. त्यातून पुढे आलेल्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारी झडप डोक्यावर गेली, इंजिन उंच झाले आणि ते झाकण्यासाठी बॉनेट वर उचलावे लागले. विलीजने ही गाडी १९५३ मध्ये बाजारात आणली आणि अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, परंतु भारतात महिंद्राने तोच उंच कपाळाचा चेहरा त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू ठेवला. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या आणि फाळणीनंतर, १९४८ मध्ये, आजचे नाव घेतलेल्या या कंपनीने प्रथम परदेशातून आलेले सुटे भाग मुंबईत जोडून जीप उभ्या केल्या आणि हळूहळू त्या इथेच घडवायला घेतल्या. वऱ्हाडातल्या वनखात्यात, आरोग्यखात्यात, निवडणुकीच्या दौऱ्यांत आणि पुढे काळी-पिवळीच्या धंद्यात जी जीप माझ्या पिढीने पाहिली ती हीच.

टोलेडोत बांधलेल्या सीजे-३बीचा क्रमांक फायरवॉलवरच्या पाटीवर असे, आणि त्याची मांडणीही वाचण्यासारखी होती. १९५३ च्या गाडीचा क्रमांक ‘४५३-जीबी२’ असा सुरू होई. त्यातले पहिले चार म्हणजे इंजिनाचे चार सिलिंडर आणि पुढचे त्रेपन्न म्हणजे वर्ष. थोडक्यात, क्रमांक हा केवळ हजेरीपटावरचा आकडा नव्हता, त्यात गाडीचा जन्म सांगितलेला होता. आज जगभर सतरा खुणांचा जो क्रमांक वापरतात त्यातही हीच कल्पना अधिक काटेकोरपणे आली आहे; आपल्याकडच्या महिंद्राच्या नव्या गाडीचा क्रमांक ‘एमए१’ने सुरू होतो आणि तेवढ्यावरून देश व कंपनी दोन्ही कळतात. मात्र आमच्या जीपच्या बाबतीत पाटी परकी निघाली होती आणि मी दिवसभर घासत होते तो डावा दांडा अमेरिकी सैन्याच्या गाडीचा धडा होता. संध्याकाळी मिस्त्रींना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, “आपल्या गाडीत उजवीकडं पाहा, पुढच्या चाकापाशी. स्टेअरिंग ज्या अंगाला, त्या अंगाला.”

दुसऱ्या दिवशी उजवे पुढचे चाक काढले आणि जीप ठोकळ्यांवर घेतली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे बाबांनी माझ्या भाच्याला तीनदा बजावले. दांड्यावर पाहावे तर लोखंड कुठेच दिसत नव्हते. आमच्याकडची काळी माती भिजली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पाट्याच्या कानापासून हातभर मागेपर्यंत दांड्याच्या बाहेरच्या अंगावर तिचा दोन बोटे जाड थर बसला होता. त्या थरात इंजिनातून गळलेले तेल मुरले होते, कापसाचे तंतू होते, गवताची कुसळे होती आणि एका ठिकाणी कुंभारमाशीचे रिकामे घर होते. तो थर पाण्याने निघेना. बांबूच्या कामटीने त्याच्या खपल्या काढल्या, मग डिझेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर बांधून ठेवले.

तिसऱ्या दिवशी मातीखालचा रंग लागला. सर्वांत वर छपरीतच ब्रशने फासलेला काळा, त्याखाली हिरवा, त्याखाली करडा. भाच्याच्या हातून हे काम निभेना. वेल्डिंगच्या दुकानातून त्याने ग्राइंडर मागून आणला आणि पाच मिनिटांत लोखंड चकचकीत करून देतो म्हणाला. बाबा खाटेवरून उठून आले. “थांब बावा, ग्राइंडर नको लावू त्याले. चमकन ते, पण मंग त्याच्यावर काही रायणार नाही,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात पितळी तारांचा ब्रश दिला.

बाबांचे म्हणणे किती खरे होते हे सांगायला हवे. ठोकलेल्या आकड्याची खोली फार नसते, गंजाने ती आणखी कमी झालेली असते, आणि ग्राइंडरची चकती एका फेऱ्यात त्याहून अधिक लोखंड खाऊन टाकते. ज्या गाडीच्या चौकटीवर क्रमांकाच्या जागी घासल्याची खूण आहे ती गाडी प्रामाणिक माणसाची असली तरी तिच्याकडे चोरीची म्हणूनच पाहिले जाते. आमच्या शेजारच्या गावात एकाने रंगकामासाठी जीप दिली असता कारागिराने नको तिथे चकती चालवली. त्या जीपचे कागद पुढे कधीच सरळ झाले नाहीत आणि शेवटी ती भंगारात गेली. त्याहून वाईट सल्लाही लोक सहज देतात. क्रमांक दिसत नसेल तर पुस्तकात पाहून नवा ठोकून घ्या, असे आम्हालाही दोघांनी सांगितले. असे करणे गुन्हा आहे, हे एक. आणि दुसरे म्हणजे पुस्तकातलाच आकडा चुकलेला असेल तर आपण आपल्या हाताने एका खऱ्या गाडीची खोटी गाडी करून बसू. आमच्या बाबतीत तसेच झाले असते.

गंज उतरवायला आईने तोड सांगितली. देवाची भांडी घासायला भिजवलेल्या चिंचेचा कोळ तिने वाटीत आणून दिला. “चिंच लावून पाय. पितळ निंगते, त लोखंड काहून नाही निंगणार?” चिंचेतले आम्ल सौम्य असते; ते गंज हळूहळू सोडवते आणि खालच्या पोलादाला फारसे खात नाही. कोळात भिजवलेला कापूस दांड्यावर थापायचा, तासाभराने काढायचा, मऊ ब्रश फिरवायचा, पाण्याने धुऊन लगेच पुसायचे आणि पुन्हा थापायचा. दुपारी चार वाजेपर्यंत वीतभर पोलाद उघडे झाले. ते करडे, खडबडीत आणि देवीच्या व्रणांसारखे खळगे पडलेले होते. आकडा म्हणावा असे त्यात काहीही दिसत नव्हते. मी बोटे फिरवली तेव्हाही नुसती खरखर लागली.

त्या रात्री लाइन गेली. जेवणे झाल्यावर बाबा बॅटरी घेऊन गोठ्यात ढोरे पाहायला गेले आणि येताना छपरीत वळले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. बॅटरी समोरून न धरता त्यांनी ती दांड्याला टेकवून आडवी धरली होती, असे की प्रकाश पोलादाच्या पृष्ठावरून घसरत जावा. दिवसा उजेड वरून पडत असल्यामुळे जे सपाट दिसत होते तिथे आता प्रत्येक उंचसखल जागेची सावली पडली होती, आणि त्या सावल्यांमध्ये समान उंचीच्या, समान अंतरावरच्या, किंचित वरखाली झालेल्या खुणांची एक ओळ उभी राहिली. एकेक आकडा हातोडीच्या एकेका घावाने ठोकलेला असतो, त्यामुळे ती ओळ छापल्यासारखी सरळ नसते. एखादा आकडा कलतो, एखाद्याची एक बाजू खोल जाते. आमच्या ओळीतला एक आकडा डावीकडे झुकला होता. ज्या कोणा कामगाराने तो ठोकला त्याचा हात त्या क्षणी थोडा फिरला असावा.

बाबांना ही युक्ती मोजणीच्या दगडांवरून ठाऊक होती. धुऱ्यावरच्या हद्दीच्या जुन्या दगडावरची खूण मावळतीच्या उन्हात वाचायची असते, भर दुपारी ती दिसत नाही, असे आबाजींनी त्यांना सांगितले होते.

आम्ही दोघांनी एकेक आकडा वाचला. मी वाचायचे, बाबा पुस्तकाशी ताडायचे. सगळे जुळत गेले आणि शेवटच्या आकड्याशी आम्ही अडलो. पुस्तकात तिथे आठ होता. लोखंडात मला तीन दिसत होता.

इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ यांच्यात फरक एवढाच, की तीन डावीकडे उघडा असतो आणि आठ दोन्हीकडून मिटलेला. आमच्या आकड्याच्या डाव्या अंगाला काहीतरी होते, पण ती रेघ होती की खळगा हे ठरत नव्हते. क्रमांक वाचणाऱ्या साऱ्या जगाला असा घोळ ठाऊक आहे. म्हणूनच सतरा खुणांच्या आजच्या पद्धतीत आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी मिसळतात. तीन आणि आठ मात्र दोन्ही आकडेच, त्यांना वगळता येत नाही. चौथ्या दिवशी मी घरातले भिंग घेऊन बसले आणि हळूहळू मला एक भेद कळू लागला. ठोकलेल्या रेघेचा तळ सारखा असतो आणि तिच्या दोन्ही काठांशी पोलाद किंचित वर आलेले असते, कारण ठसा लोखंड खाऊन टाकत नाही तर बाजूला सारतो. गंजाच्या खळग्याला असा काठ नसतो. त्याचा तळ कुरतडल्यासारखा असतो आणि कडा आत ढासळलेल्या असतात. आमच्या आकड्याच्या उजव्या बाजूच्या दोन्ही कमानींना तो वर आलेला काठ होता. डावीकडच्या खुणेला नव्हता.

पोलादाचा हा स्वभाव मला थक्क करतो. आकडा ठोकताना घाव फक्त वरच्या पृष्ठावर पडत नाही. आकड्याच्या खालचे पोलादही दाबले जाते आणि त्याच्या कणांची मांडणी कायमची बदलते. म्हणून वरचा आकडा पूर्ण घासून टाकला तरी खालच्या दाबलेल्या भागात तो शिल्लक राहतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळांमध्ये अशी घासलेली जागा गुळगुळीत करून तिच्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावतात. दाबलेले पोलाद आणि न दाबलेले पोलाद त्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि पुसलेला क्रमांक काही काळ पुन्हा दिसू लागतो. हे काम घरी करण्याचे नाही, आणि आम्हाला त्याची गरजही नव्हती. परंतु त्या दांड्याला हात लावताना, तो आकडा आपल्याला दिसतो त्याहून खोल गेलेला आहे, हे माझ्या मनातून जात नव्हते.

मग आठ आला कुठून? बाबांना एवढेच आठवत होते, की मूळ पुस्तक उधईने खाल्ले आणि नव्वदच्या दशकात आबाजींनी दुसरी प्रत काढली. ती हाताने लिहिलेली होती. पुढे संगणकात नोंदी चढल्या तेव्हा त्या प्रतीवरून चढल्या. कोणा एका टेबलावर, कोणा एका दुपारी, पुसट तीनचा आठ झाला असणार आणि मग तो कागदावरून कागदावर जात राहिला. मी त्या लिहिणाऱ्याला दोष देत नाही. मी स्वतः भिंग घेऊन दीड दिवस त्या आकड्यापुढे बसले होते. तरीही बाबांच्या बाजूने एवढेच म्हणता येत होते, की आम्हाला तसे दिसते. तेवढे पुरेसे नव्हते.

पाचव्या दिवशी आम्ही आबाजींची पेटी उघडली. त्यांच्या पश्चात ती दोनदाच उघडली होती, दोन्ही वेळा शेताच्या कागदांसाठी. तळाशी कापसाच्या पावत्यांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली तेव्हापासूनच्या पावत्या त्यांनी जपल्या होत्या, कारण त्या योजनेत पैसे हप्त्यांनी हाती येत आणि पुढच्या हप्त्यासाठी पावती लागे. मी एकेक उलटून पाहत होते. त्यातल्या १९७६ च्या एका पावतीच्या मागच्या कोऱ्या अंगावर पेन्सिलीचा एक काळा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात पांढरे उमटलेले आकडे.

१९७६ हे साल आमच्या घरात सर्वांना पाठ आहे, कारण त्या वर्षी आबाजींनी सरकारी लिलावात ही जीप घेतली. ती तेव्हाही जुनीच होती. लिलावाच्या आवारात इतर गाड्यांच्या रांगेत उभी असताना त्यांनी खिशातली पावती काढली, दांड्यावर धरली आणि पेन्सिल घासून क्रमांक उतरवून घेतला. आपण बोली लावलेली गाडी आणि आपल्या ताब्यात मिळणारी गाडी एकच असावी म्हणून. चौथी शिकलेल्या माझ्या आबाजींना हे कोणी सांगितले असेल, हे आता विचारायला कोणी उरलेले नाही. पट्ट्याखाली त्यांच्या हाताने मोडीच्या वळणाच्या देवनागरीत लिहिले होते, “गाडीचा लंबर. इंजिनचा मांगे लिहिला.” आकड्यांच्या ओळीत एक आकडा डावीकडे झुकलेला होता. शेवटचा आकडा तीन होता, डावीकडे स्वच्छ उघडा.

बाबांनी पावती हातात घेतली, चष्मा पुसला आणि ती घेऊन ते छपरीत गेले. त्यांनी दांड्याशेजारी ती धरली. मीही पाहिले. पन्नास पावसाळ्यांनी एका बाजूने जे खाल्ले होते ते कागदावर शाबूत होते, आणि तो कललेला आकडा दोन्हीकडे सारख्याच कोनात कलला होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी डोळ्यांना उपरणे लावले आणि मी थोडा वेळ गोठ्याकडे पाहत राहिले.

इंजिनाचा क्रमांकही आम्ही ताडून पाहिला. मूळचे पेट्रोल इंजिन ऐंशीच्या दशकात उतरवून आबाजींनी डिझेलचे बसवले आणि तो बदल रीतसर पुस्तकात चढवून घेतला होता. जुन्या इंजिनाचा ठोकळा मात्र त्यांनी विकला नाही. तो आजही कडुनिंबाखाली पडून आहे आणि कोंबड्या त्याच्यावर बसतात. त्याच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळच्या सपाट उंचवट्यावर, क्रमांक सहज वाचता आला. पावतीवर लिहिलेला तोच.

कोणी विचारील, की इतकी जुनी गाडी, तर तिला सरळ पुरातन वाहन म्हणून का नोंदवले नाही? २०२१ पासून तशी तरतूद आहे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या दुचाकी-चारचाकी खासगी गाड्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. परंतु त्यासाठी चौकट, पत्रा आणि इंजिन मूळ स्वरूपात असावे लागते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमच्या जीपचा पत्रा नागपूरचा, इंजिन डिझेलचे. आणि ज्या गाडीने वावरात जायचे नाही ती गाडी बाबांच्या कोणत्या कामाची? तो विचार आम्ही तिथेच सोडला.

छाप घेण्याचे काम बाबांनी स्वतःकडे घेतले. पातळ कागद, मऊ पेन्सिल, कागद हलू नये म्हणून दोन्हीकडे चिकटपट्टी. पेन्सिल टोकाने नव्हे तर आडवी करून, हलक्या हाताने, एकाच दिशेने. पहिले चार कागद वाया गेले. पाचव्यावर सगळे आकडे आले, शेवटचा धूसर आला. आम्ही जीप तशीच जिल्ह्याला नेली, सोबत आबाजींची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. निरीक्षकांनी आधी छाप पाहिली, मग पुस्तक पाहिले, आणि अर्थातच शेवटच्या आकड्यावर बोट ठेवले. बाबांनी त्यांना पावती दाखवली. ते बाहेर आले, मोबाइलचा उजेड दांड्याला आडवा लावून खाली वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. उभे राहिल्यावर त्यांनी बाबांना विचारले, “काकाजी, हे कोणी घेतलं होतं?” बाबा म्हणाले, “आमच्या वडिलांनं.”

पावतीवर सरकारी कागद म्हणून विसंबता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि ते योग्यच होते. पण तिच्या आधारावर त्यांनी जुनी नोंदवही काढायला लावली. तीत शाईने लिहिलेला तीन सापडायला पाच आठवडे लागले. त्यानंतर दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, दोन फेऱ्या, आणि संक्रांतीच्या आधी बाबांच्या नावाचे नवे पुस्तक घरी आले. मी तेव्हा तिथे नव्हते. भाच्याने फोटो पाठवला.

होळीला गेले तेव्हा जीप पुन्हा छपरीत उभी होती. बाबांनी क्रमांकाच्या जागेवर रंग लावला नव्हता. ग्रीसचा जाड थर देऊन वरून ट्यूबच्या रबराचा एक तुकडा तारेने बांधला होता, म्हणजे माती बसली तरी रबरावर बसेल. मडगार्डच्या आतल्या अंगाला त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने एक लहानसा बाण काढला होता, त्या रबराकडे रोखलेला. आबाजींची पावती पेटीत परत गेली होती आणि तिच्याबरोबर आमच्या पाच कागदांपैकी पाचवा. वाया गेलेले चार बाबांनी फेकले नव्हते. ते भाच्याने आपल्या चित्रकलेच्या वहीत ठेवले होते आणि मला दाखवताना तो त्या कललेल्या आकड्यावर बोट ठेवत होता.